डुकराची शिकार आणि परतीचा डबा

हेमचंद्र प्रधान म्हणजे भिडस्त माणूस. किती भिडस्त? न्हाव्याचा वस्तरा कानामागे लागला, तर "नाही हो, काही लागलं नाही" म्हणून न्हाव्याचीच समजूत काढणारा. ठाण्यात होते तेव्हा रिक्षावाला खुशाल भलत्या रस्त्याने न्यायचा आणि हे मागे बसून म्हणायचे, "अरे वा, हा रस्ता पाहिलाच नव्हता!" बँकेत केस पिकले, पण साहेबाला कधी 'नाही' म्हणाल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. अशा माणसाची बँकेने टोकियोला बदली केली आणि मग काय विचारता! इथे गाडीत कुणाचा पाय यांच्या पायावर पडला की हे आधी माफी मागायचे, मग तो मागायचा, मग पुन्हा हे. उतरायचं स्टेशन येईपर्यंत दोघांचं वाकणं चालूच. ऑफिसात जपानी जिभेवर प्रधानांचे 'पुरादान-सान', म्हणजे प्रधानसाहेब, झाले आणि हेमचंद्ररावांना प्रथमच वाटलं की आपण आजवर चुकीच्या गावात राहत होतो.

घरातल्या दोघी मात्र या मुशीतल्या नव्हत्या. बायको जयमाला ठाण्याच्या बाजारात भाजीवाल्याला रडवून यायची. टोकियोतल्या फुनाबोरीत राहायला आल्यापासून तिची पंचाईत झाली होती. इथे भाव ठरलेला, वजन बरोबर, वर दुकानदार वाकून नमस्कार करणार. भांडायचं कुणाशी? बाईंची निम्मी मराठी वापराविना गंजून चालली होती. आणि मुलगी ओवी. अगदी लहान असताना इथे आली, आता पंधराची. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जपानीत नाहीतर इंग्रजीत. अलीकडे ती बापाकडे एका विशिष्ट नजरेने बघायला लागली होती. एकदा सुपरमार्केटात एका म्हाताऱ्याने स्वतःची गाडी यांच्या गुडघ्यावर आपटली आणि यांनी 'सुमिमासेन' म्हणून त्याचीच क्षमा मागितली, तेव्हा तिने सरळ विचारलं, "बाबा, तू कधीच कुणाला काही बोलत नाहीस का?"

हेमचंद्रराव हसले. पण ते वाक्य त्यांच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून राहिलं.

आता या माणसाला डुकराच्या शिकारीचं खूळ कुठून लागलं म्हणाल, तर त्यांचे एक पंढरीनाथकाका होते. त्यांनी तरुणपणी म्हणे रानडुक्कर मारलं होतं. ती एकच गोष्ट सगळ्या प्रधान घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तोंडी लावायला वापरली. लग्न असो, बारसं असो, मटणाच्या पंगतीत डुक्कर यायचंच, आणि दर वेळी थोडं मोठं होऊन यायचं. हेमचंद्ररावांनी स्वतः आयुष्यात झुरळावरही चप्पल उगारली नव्हती. पण एक दिवस फोनवर त्यांना जाहिरात दिसली. डोंगरात रानडुकरं शेतांची नासधूस करतात, हिवाळ्यात परवानाधारक शिकारी त्यांची शिकार करतो, तुम्ही त्याच्याबरोबर रानात चला, थरार अनुभवा आणि संध्याकाळी ताज्या डुकराचा रस्सा ओरपा. बंदूक त्याच्याकडे, धाडस तुमचं.

"उंदीर दिसला तर स्टुलावर चढता तुम्ही," जयमाला म्हणाली.

"अगं, मला कुठे मारायचंय? नुसतं बघायचंय."

जयमालाचा गुडघा दुखत होता, ती येणार नव्हती. हेमचंद्ररावांनी उगाच विचारायचं म्हणून ओवीला विचारलं आणि ओवी, जी वर्षभर आईबापाबरोबर कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, त्या चोवीस तास उघड्या दुकानातसुद्धा येत नव्हती, ती चक्क "हो" म्हणाली. बापाला असा आनंद झाला की त्याने दोघांसाठी नवे बूट घेतले.

जाहिरातीतले ते शिकारी, तोगाशी-सान, स्टेशनवर न्यायला आले होते. सत्तरीकडे झुकलेले, पांढऱ्या झुपकेदार मिशा, अंगात भगभगीत नारिंगी जाकीट आणि खांद्याला बंदुकीची लांबलचक काळी पेटी. बघताक्षणी हेमचंद्ररावांना पंढरीनाथकाकाच आठवले. बोलणंही तसंच, भरघोस. एकेका डुकराची कुंडली सांगत होते. ओवी भाषांतर करत होती आणि हेमचंद्रराव दर वाक्याला 'सोऽऽ देस का', असं होय का, म्हणून माना डोलावत होते.

डोंगर चढायला लागल्यावर जरा वेळाने चिखलात डुकराच्या खुरांचे ठसे दिसले. तोगाशी-सान गुडघ्यावर बसले, नाकाने वास घेतला आणि म्हणाले, मोठा नर आहे, नुकताच गेलाय. हेमचंद्ररावांनी धडधडत्या छातीने फोटो काढले. पुन्हा चढण, पुन्हा ठसे. पुन्हा चढण. दुपार टळली तरी डुकराचा पत्ता नाही, आणि ती काळी पेटी काही खांद्यावरून उतरली नाही.

मग एका दाट झुडपाजवळ तोगाशी-सान थबकले. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. झुडपातून आवाज आला, घुर्र.  हेमचंद्ररावांनी ओवीला पाठीमागे घेतलं, म्हणजे इतका शूरपणा त्यांच्या हातून झाला हे नमूद केलं पाहिजे. पुन्हा घुर्र, जरा मोठ्याने. आणि मग त्याच झुडपातून एका बाईचा अतिशय गोड, अतिशय नम्र आवाज आला. स्टेशनवर पुढच्या गाडीची सूचना देतात ना, अगदी तसा. बाई दोन वाक्यं बोलल्या, टिंग टाँग झालं आणि झुडूप गप्प झालं.

हेमचंद्ररावांचं जपानी ऑफिसापुरतं. ते कुजबुजले, "काय गं? कोण बोललं?"

"झुडूप," ओवी थंडपणे इंग्रजीत म्हणाली. "बॅटरी संपत आलीये, कृपया चार्ज करा म्हणतंय."

तोगाशी-साननी मोठ्याने खाकरून घेतलं आणि जाहीर केलं की पाहुण्यांच्या आवाजाने डुक्कर पळालं. वाईट झालं, फार वाईट झालं. आणि हेमचंद्ररावांनी काय केलं असेल? त्यांनी आवाज केल्याबद्दल माफी मागितली हो!

संध्याकाळी तोगाशी-सानच्या घरी रस्सा होता. 'गेल्या आठवड्यात मारलेलं, याच डोंगरातलं,' असं ते म्हणाले. जेवण झाल्यावर हेमचंद्रराव सवयीने आवरायला उठले. जपानात राहून हा माणूस कचऱ्याच्या बाबतीत जपान्यांच्या वरताण झाला होता. जळाऊ वेगळा, प्लॅस्टिक वेगळं, डबे धुऊन, चिकटलेले कागद सोलून. मोरीत पडलेला प्लॅस्टिकचा ट्रे त्यांनी विसळला, उलटा केला आणि कागद सोलायला नख घातलं. कागद सुपरमार्केटचा होता. त्यावर 'डुकराचं मांस' आणि वर लाल चिकटपट्टीवर 'अर्ध्या किमतीत'. एवढी जपानी अक्षरं तर इथे आलेला माणूस आधीच शिकतो. हेमचंद्ररावांनी ती चिकटपट्टी नीट सोलली, जळाऊ कचऱ्यात टाकली, ट्रे प्लॅस्टिकमध्ये टाकला आणि हात पुसले. ओवी दारात उभी राहून सगळं बघत होती.

निघताना तोगाशी-साननी दोघांना भिंतीवरच्या पेंढा भरलेल्या डुकराच्या मुंडक्याखाली उभं केलं. "अंगठा वर, पुरादान-सान!" अंगठा वर गेला. फोटो निघाला.

"बाबा," ओवी त्यांची बाही ओढत म्हणाली, "सांग त्याला."

"काय?"

"तुम्ही आम्हाला फसवलंत. एवढंच. पैसे नको मागूस, भांडू नकोस. एकच वाक्य. हवं तर मी भाषांतर करते."

हेमचंद्रराव पुढे गेले. वाक्य तोंडात तयार होतं. तोगाशी-सान मिशांतून हसत समोर उभे होते. हेमचंद्ररावांनी तोंड उघडलं, आणि आतून त्यांची जन्माची सवय धावून आली. कंबर वाकली, हात मांड्यांवर गेले आणि तोंडातून निघालं, "आरिगातो गोझाइमाशिता!" आभार मानले, वर फार सुंदर दिवस गेला म्हणाले. खरंच म्हणाले.

परतीच्या गाडीत ओवी खिडकीबाहेर बघत होती. रागावली असती तर परवडलं असतं. "ओवी, अगं काय झालं, की वयस्कर माणूस आहे..." त्यांनी सुरुवात केली.

"दाइजोबु, बाबा," ती वळूनही न बघता म्हणाली. असू दे. "मला माहीतच होतं."

त्या तीन शब्दांनी हेमचंद्ररावांची रात्रीची झोप उडाली. डुक्कर गेलं खड्ड्यात. पैसे गेले त्याच्या मागोमाग. पण पोरीला माहीतच होतं!

जयमालाने फोनवरचे फोटो मोठे करून बघितले आणि तिची गंजलेली जीभ एका क्षणात लखलखीत झाली. "अहो, डोळे होते का कुठे गहाण टाकले होते? हे ठसे बघा! सगळे एका रांगेत, सगळे एका मापाचे, प्रत्येकाचा डावीकडचा टवका उडालेला. छाप आहे हा! गौरी येतात तेव्हा दारातून पावलं काढतो आपण, तीसुद्धा डावं-उजवं बघून काढतो. याचं डुक्कर काय एका पायावर लंगडी घालत गेलं डोंगरावर? शेंडी लावली मेल्याने तुम्हाला! आत्ताच्या आत्ता तक्रार करा."

हेमचंद्रराव तक्रार लिहायला बसले. ऑफिसात तक्रारीची पत्रं कशी लिहितात ते त्यांना पाठ होतं. आधी हवामान, मग आभार, मग आपण दिलेल्या त्रासाबद्दल क्षमा, मग समोरच्याच्या तब्येतीची चौकशी आणि सर्वात शेवटी, वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर झापड आल्यावर, हलक्या हाताने मुद्दा. हेमचंद्ररावांनी मुद्दा लिहिला तो असा: 'डुकराचं प्रत्यक्ष दर्शन झालं असतं तर आमचा आनंद द्विगुणित झाला असता.' ओवीने ते पत्र वाचलं, टेबलावर ठेवलं आणि ती आपल्या खोलीत गेली.

पत्र तसंच टपालाने गेलं आणि चार दिवसांनी तोगाशी-सानचं पार्सल आलं. लाकडाचा सुबक गोल डबा, वर घट्ट झाकण, आत मिसोत, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्यात, मुरवलेला मुळा. बरोबर चिठ्ठी: असं प्रेमळ पत्र मला आजवर कुणी लिहिलं नव्हतं.

"प्रेमळ!" जयमाला ओरडली. मग तिने मुळ्याचा एक तुकडा तोंडात टाकला, दुसरा टाकला. "चोर आहे मेला, पण मुळा चांगला घालतो."

मुळा संपला. डबा उरला. डबा चांगला होता, आणि नेमकी तीच अडचण झाली. इथले लोक असे डबे ठेवून घेतात, देणाराही परत मागत नाही. पण जयमालाला ते पटेना. लबाडाचं भांडं घरात नको, परत पाठवायचं. हेमचंद्ररावांनी डबा धुऊन पुसून खोक्यात ठेवला, तर ही धावत आली.

"अहो, रिकामा पाठवताय की काय?"

"अगं, त्याने फसवलंय आपल्याला!"

"म्हणून काय मी रिकामा डबा परत पाठवू? माझ्या माहेरी सात पिढ्यांत असं झालेलं नाही." आणि बाईंनी बेसन भाजायला घेतलं. रागारागाने भाजलं म्हणूनच की काय, लाडू कधी नव्हे इतके खमंग झाले. ते डब्यात भरले आणि डबा डोंगराकडे रवाना झाला.

आता जपान्यांचीही एक रीत आहे. कुणी काही दिलं की परतफेडीची भेट द्यायचीच, नाही दिली तर माणसाला रात्र जात नाही. हेमचंद्ररावांना हे पक्कं ठाऊक होतं. पण बायकोला सांगायचं म्हणजे पुन्हा बोलणं आलं. चार दिवसांत डबा परत हजर! आत वाळवलेली पर्सिमन फळं, साखरेसारखी गोड. जयमालाने फळं काढून घेतली, दात ओठ खात शंकरपाळी तळली आणि डबा भरला. डबा गेला, बकव्हीटच्या शेवया घेऊन आला. चकल्या घेऊन गेला, अक्रोड घेऊन आला. एकीकडे ही त्या माणसाचा उद्धार करत होती आणि दुसरीकडे त्याच्यासाठी चकलीच्या भाजणीत जरा जास्त लोणी घालत होती, कारण चिठ्ठीत त्याने दात दुखतात म्हणून लिहिलं होतं. कुरिअरवाला दार उघडल्याबरोबर हसायचा. म्हणायचा, तोच डबा का?

"बाबा," ओवी एक दिवस जेवताना म्हणाली, "तुम्ही दोघं त्याच्याशी भांडताय ना? मग तो दर आठवड्याला तुम्हाला थँक यू का म्हणतो?"

हेमचंद्ररावांनी वरणात मीठ कमी आहे का ते बघितलं.

त्यात जवळच्या इचिकावाहून संजीवचा फोन आला. संजीव म्हणजे इथल्या मराठी मंडळातला मित्र, उत्साही माणूस. "हेमचंद्रदादा, काय राव, सांगितलं नाहीत! तोगाशीच्या वेबसाइटवर पहिलाच फोटो तुमचा. अंगठा वर, डुकराच्या खाली. मी पण बुक करतोय, बायकोमुलांसकट. कसं आहे?"

सांगायचं होतं ते इतकंच, की जाऊ नकोस. पण संजीव इतका खुशीत होता! त्याचा विरस कसा करायचा? आणि मग आपण तेव्हा का बोललो नाही, हेही सांगावं लागणार.

"डोंगर छान आहे," हेमचंद्रराव म्हणाले.

फोन ठेवून वळले, तर ओवी पाण्याची बाटली घेऊन उभी. तिने बापाकडे बघितलं. ती सुपरमार्केटातली नजर आता राहिली नव्हती. आता ती नुसतीच सभ्यपणे बघत होती, परक्या माणसाकडे बघावं तशी. 

वर्ष संपायला आलं होतं. एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात साक्षात तोगाशी-सान! अंगात जुना काळा सूट, मिशा विंचरलेल्या, दोन्ही हातांत रुमालात बांधलेला डबा. वाकून, पुन्हा वाकून, म्हणाले, वर्षअखेरची भेट पोस्टाने पाठवणं बरं वाटेना, म्हणून स्वतः आलो.

जयमालाच्या ओठांवर शिव्यांची रांग लागली होती. पण पाहुणा दारात, तोही इतक्या लांबून आलेला. शिव्या गिळून बाई आत वळल्या आणि हात आपोआप पोहे भिजवायला गेले. डबा तिने लगोलग रिकामा करून चिवड्याने भरून ठेवला आणि वर हेमचंद्ररावांच्या कानात फुसफुसली, "आज बोलला नाहीत ना, तर बघा!"

तोगाशी-सान पोहे खात होते. मिरचीने डोळ्यांत पाणी आलं तरी बशी सोडत नव्हते. ओवी मध्ये बसली होती, भाषांतराला. त्यांनी सांगितलं की येणारे लोक एकदा येतात, जातात, मागे वळून बघत नाहीत. पुरादान-सानसारखी माणसं भेटली नाहीत. मग पिशवीतून एक कागद काढला. नवीन वर्षाचं मोठं पत्रक छापतायत. त्यावर पुरादान-सानचा तो फोटो, आणि खाली त्यांच्या नावाने दोन शब्द. परवानगी असावी.

 स्वयंपाकघरात झारा आपटल्याचा आवाज आला.

 हेमचंद्ररावांनी ओवीकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर धीर सुटला असता. बशीतल्या शेंगदाण्याकडे बघत ते मराठीत म्हणाले, "ओवी, सांग त्यांना. तुम्ही आम्हाला फसवलंत. झुडपात स्पीकर होता, ठसे छापाचे होते, मांस दुकानातलं होतं. जसंच्या तसं सांग."

ओवी ताठ झाली. इतके दिवस ज्या वाक्याची वाट बघत होती ते आलं होतं. ती तोगाशी-सानकडे वळली. म्हातारा मान पुढे काढून उत्सुकतेने तिच्याकडे बघत होता, मिशीला पोह्याचा एक दाणा चिकटलेला. ओवीने तोंड उघडलं. मग मिटलं. मग तिचे हात गुडघ्यांवर एकात एक गेले, मान एका बाजूला कलली, खाली गेली आणि ती बारीक आवाजात, गोड हसत जपानीत म्हणाली की बाबा म्हणतायत, त्या दिवशी हवा जरा प्रतिकूल होती, डुक्कर बहुधा लाजाळू असावं, आणि फोटोबद्दल, म्हणजे, अंमळ विचार करावा लागेल.

ऑफिसातलं जपानी म्हणजे नेमकं हेच. यातला शब्दन्‌शब्द हेमचंद्ररावांना कळला. आणि त्याहून जास्त दिसलं. ती कललेली मान, ते हसू, ते एकात एक अडकवलेले हात. आरशात रोज दाढी करताना दिसणारा माणूस त्यांच्या पोरीच्या अंगात येऊन बसला होता. जन्मात कधी आला नव्हता तो संताप त्यांच्या पायांतून वर चढला.

"चिगाइमासु!" ते ओरडले. तसं नाही!

तोगाशी-सान दचकले. ओवी दचकली. हेमचंद्रराव स्वतःही दचकले, पण आता थांबणं त्यांच्या हातात राहिलं नव्हतं. "तोगाशी-सान. उसो!" खोटं! "डुक्कर नाही! झुडपात स्पीकर! आणि ते..." ठशाला जपानीत काय म्हणतात ते काही केल्या आठवेना. मग बँकेतला हा जबाबदार अधिकारी उठला, एक पाय मुडपला आणि सोफ्यापासून बाल्कनीच्या दारापर्यंत धप धप लंगडी घालत गेला, वळला आणि तसाच धप धप परत आला. "असं डुक्कर? एका पायावर? आणि रस्सा? सुपरमार्केट! अर्धी किंमत! मी स्वतः ट्रे धुतला!"

एवढं बोलून ते धापा टाकत उभे राहिले, अजून एकाच पायावर.

तोगाशी-साननी बशी खाली ठेवली. खुर्चीवरून उतरून ते जमिनीवर बसले आणि कपाळ फरशीला टेकवलं. हेमचंद्ररावांची कंबर सवयीने वाकायला लागली, तेवढ्यात आतून जयमालाचा आवाज आला, "खबरदार वाकलात तर!" ते वाकले नाहीत.

म्हाताऱ्याने हळूहळू सगळं सांगितलं. एके काळी तो खरा शिकारी होता. मग गुडघे गेले, नजर अधू झाली, बंदूक पोलिसांकडे जमा केली. डुकरं वरच्या रानात, आणि तिथवर त्याला चढवत नाही. पण रविवारी माणसं यायची, गोष्टी ऐकायची. घर भरायचं. ते बंद होऊ नये म्हणून आधी ठसे, मग स्पीकर.

"मग त्या पेटीत काय होतं?" जयमालाने दारातून थेट मराठीत विचारलं. हातवाऱ्यांवरून त्याला कळलं.

"काठी," तो म्हणाला. उतरताना लागते.

कुणाला हसू आलं आणि कुणाला वाईट वाटलं ते सांगता येत नाही, जयमालाला तर दोन्ही. पण हेमचंद्ररावांनी आज विषय सोडला नाही. फोटो काढून टाका म्हणाले. पत्रक छापू नका. लोकांना बोलवायचं तर गोष्टी ऐकायला बोलवा, डुक्कर दाखवतो म्हणू नका. म्हाताऱ्याने प्रत्येक वाक्याला 'हाय', म्हणजे हो, म्हटलं आणि त्यांच्यासमोरच फोनवर वेबसाइट उघडून तो फोटो काढून टाकला. मग हेमचंद्ररावांनी, पाहुणा बसलेला असतानाच, संजीवला फोन लावला. "जाऊ नकोस. सगळं थोतांड आहे. मागे तुला मी खोटं सांगितलं," ते म्हणाले. पलीकडून संजीव काय बोलला ते त्यांनी ऐकून घेतलं. चांगलं नव्हतं ते. तरी ऐकून घेतलं.

तोगाशी-सानना चिवड्याच्या डब्यासकट स्टेशनवर सोडून आले तेव्हा ओवी बाल्कनीत उभी होती. हेमचंद्रराव शेजारी जाऊन उभे राहिले. खाली कुणीतरी सायकलींची रांग सरळ करत होतं.

"बाबा," ती म्हणाली, आणि पुढचं मराठीत म्हणाली, अडखळत, शब्द शोधत. "मला नाही बोलता आलं. तुला मी एवढं... आणि मला एक वाक्य नाही बोलता आलं."

"मलाही येत नाही गं," हेमचंद्रराव म्हणाले. "आजही नसतं आलं. माझी मान खाली जाते त्याचं मला काही वाटत नाही, सवय झालीये. पण तुझी गेली ना, ती मला बघवली नाही."